अळीबाईचे अकरा सेकंद

मी एक क्लिप बोलतेय. लांबी अकरा सेकंद. तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेले असेन. करड्या सुती साडीतल्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या एक बाई मांडवात उभ्या आहेत. हातात कपाशीचं किडकं बोंड आहे. त्या म्हणतात, "थोडी कपाशी अळीसाठीही सोडा. तिलाही जगू द्या." लोक खो खो हसतात आणि मी संपते.

ओळखलंत ना? मग तुम्हीही हसला असाल. पण आज माझं ऐकून घ्या. इतकी वर्षं मी तेच ते बोलत फिरते आहे आणि जे सांगायचं होतं ते एकदाही सांगता आलेलं नाही. आतल्या आत नुसती चडफड होते.

माझा जन्म दोन हजार सोळाच्या मे महिन्यातला. उमरखेडच्या अलीकडचं एक गाव, ग्रामपंचायतीसमोर घातलेला मांडव, पेरणीला महिना शिल्लक. बोलत होत्या त्या पद्मजा मॅडम. पुसदला तीस वर्षं त्यांनी जीवशास्त्र शिकवलं आणि त्याच वर्षी निवृत्त झाल्या. घराणं कारकुनांचं आणि वकिलांचं. यजमान नरहरराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. त्या घरातलं कुणी कपाशीच्या वावरात कधी उतरलं नव्हतं. पण मॅडमच्या वर्गात निम्मी मुलं शेतकऱ्यांची. त्यांच्या तोंडून बोंडअळीचं ऐकून ऐकून बाईंच्या मनानं घेतलं, की उत्क्रांतीचा धडा फळ्यावर संपवण्यात अर्थ नाही, तो वावरात जाऊन शिकवायला हवा. मग पिशवीत चार किडकी बोंडं, एक भिंग आणि पाण्याची बाटली घेऊन त्या एसटीनं गावोगाव फिरू लागल्या. नातेवाईक म्हणायचे, आता घरी बसून आराम करावा. मॅडम ऐकायच्या आणि दुसऱ्या दिवशी बस स्टँडवर हजर.

त्या दिवशी त्यांनी एक छोटं पाकीट वर धरून दाखवलं. तेव्हा बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीत साध्या कपाशीचं असं एक पाकीट वेगळं यायचं. ते धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेनं पेरायचं असायचं. पेरायचं कुणीच नाही. कुणी फेकून द्यायचं, कुणी गोठ्याच्या आढ्यात खोचून विसरून जायचं.

मॅडम सांगत होत्या, "बीटी कपाशीत अळीसाठी विष असतं. पण हजारो अळ्यांत एखादी जन्मतःच ते पचवणारी निघते. तिला कुणी शिकवलेलं नसतं. ती तशीच जन्मते, बस. बाकीच्या सगळ्या मेल्या, की हिला जोडीदार मिळतो तोही पचवणाराच. मग पिल्लंही तशीच. दहा हंगामांत शिवारात दुसरी अळीच राहणार नाही. पण शेजारी साधी कपाशी असेल, तर तिथं साध्या अळ्या वाढतील. त्यांचे पतंग या दांडग्यांशी जुळतील आणि पुढची पिल्लं पुन्हा विषानं मरतील. म्हणून म्हणते, थोडी कपाशी अळीसाठीही सोडा. तिलाही जगू द्या."

मांडव हसला. बाईसुद्धा हसल्या आणि लगेच म्हणाल्या, "हसू नका. यातली मेख पुन्हा एकदा सांगते, ती नीट समजून घ्या."

ही मेख माझ्यात नाही. तिच्या अलीकडेच मला कापलं.

कापलं गोपालनं. तो गावात फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. सगळं भाषण त्यानं मन लावून ऐकलं होतं, फोनमध्ये घेतलंही होतं. पण अडतीस मिनिटांचं ते लांबलचक भाषण कुणाला पाठवता येईना. तेव्हा नेट जपून वापरायचे लोक, आणि त्याचा फोनही भरत आलेला. मग त्यानं जिथं लोक हसले होते तेवढा तुकडा ठेवला आणि बाकीचं पुसून टाकलं. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. गावच्या ग्रुपवर टाकताना त्यानं लिहिलं, "बाई भारी बोलल्या." मला अजूनही त्याचा राग धरता येत नाही, हेच जास्त जाचतं.

पहिल्या आठवड्यात मी पुसद, दिग्रस, दारव्हा पालथं घातलं. दुसऱ्या आठवड्यात मुकुटबनच्या कुणीतरी माझं चित्र काढून टाकलं आणि नुसता आवाज ठेवला. तिसऱ्या आठवड्यात त्या आवाजाला बँडबाजा लागला. मग एका अळीच्या डोक्यावर फेटा चढला आणि खाली ओळ आली, 'थोडी कपाशी पाहुण्यांसाठी सोडा.' लग्नात पंगतीला बसलेले म्हणू लागले, थोडी जिलबी अळीसाठी सोडा. कॉलेजची पोरं म्हणू लागली, थोडा सिलॅबस अळीसाठी सोडा. मॅडमचा चेहरा कातरून त्याचं स्टिकर झालं. कुणी कुणाला शिव्या देत असलं, की मध्येच ते स्टिकर यायचं, 'जगू द्या.'

ही सगळी माझीच पिलावळ. पण एकाच्याही तोंडावर माझा तोंडवळा नव्हता.

पुसदच्या भाजीबाजारात एका बाईनं वांगी तोलता तोलता मॅडमना निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुमी अळीबाई ना?" मॅडम मनापासून हसल्या. घरी येऊन नरहररावांना सांगितलं. नागपूरहून मुलीचा, शाल्मलीचा मेसेज आलाच होता, "आई, तू फेमस झालीस!" सोबत मी होतेच. अशी मी मॅडमच्या स्वतःच्या फोनमध्ये आले आणि तिथं कायमची राहिले. पुढचं सगळं मी तिथूनच ऐकलं.

सतराच्या हंगामात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी सापडू लागली. बीटी असून सापडू लागली. वरून हिरवंगार बोंड आणि आत सरकी पोखरलेली. लोक चिडले, आणि चिडलेल्या माणसाला नाव घ्यायला कुणीतरी लागतं. मी तर तयारच होते. एके दिवशी एसटीत मागच्या बाकावरचा एक माणूस मोठ्यानं म्हणाला, "ह्याच बाईनं जगवल्या अळ्या." गाडीतले सगळे वळून पाहू लागले. मॅडम पुढच्या थांब्यावर उतरल्या आणि दुसरी गाडी येईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या.

त्यांचं ऐकून ते पाकीट किती जणांनी पेरलं होतं, माहीत आहे? त्या मांडवातल्या एकानंही नाही. न ऐकलेल्या गोष्टीचा दोष बाईंच्या माथी आला, आणि पुरावा म्हणून मी.

नरहरराव म्हणाले, "अगं, कायले मनाला लावून घेऊन राहिली? लिहून कळव सगळ्यांना. कचेरीत आम्ही खुलासा काढायचो, तसा खुलासा काढ."

मॅडमनी दोन पानी खुलासा लिहिला. नऊ जणांनी तो पुढे पाठवला. मग त्यांनी घरातल्या भिंतीसमोर बसून चौदा मिनिटांचा व्हिडिओ केला, साधी कपाशी, दांडगी अळी, सगळं चित्रं काढून समजावलं. तो त्रेचाळीस वेळा पाहिला गेला. त्यातल्या सहा वेळा एकट्या शाल्मलीनं पाहिला. त्याच आठवड्यात माझी जिलबीवाली लेक तिकडे परभणीपर्यंत जाऊन आली.

त्या हिवाळ्यात एका दुपारी दोघं नवराबायको तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. फोन शेजारी पडलेला. नरहरराव म्हणाले, "मला तर अळी आणि ही क्लिप सारखीच वाटते. दोन्ही बदलत जातात, पसरत जातात. तूच शिकवायचीस ना, जे टिकतं ते टिकतं?"

"सारखं नाही हो," मॅडम म्हणाल्या. "अळीला जे मिळतं ते आईबापाकडून मिळतं, आणि बदल व्हायचा तो अचानक, कुणी न ठरवता होतो. अळी काही ठरवून बदलत नाही. इथं मात्र प्रत्येक हात मुद्दाम काहीतरी फिरवतो, आणि फिरवलेलंच पुढे जातं. गाईची शिंगं कापली म्हणून तिचा गोऱ्हा बिनशिंगाचा जन्मतो का?"

"नाही."

"पण माझं बोलणं त्या गोपालनं एकदा कापलं आणि पुढची सगळी पिढी कापलेलीच निघाली. आता कुठून आणू मी ती शिंगं?"

नरहररावांनी हातातली शेंग सोलली. मग म्हणाले, "मग टिकतं ते काय पाहून टिकतं?"

"अळीत टिकते ती विष पचवणारी. माणसांत टिकते ती, आधीच मनात असलेल्या समजुतीला पचणारी गोष्ट," त्या म्हणाल्या आणि दाण्यांची वाटी इतक्या जोरात सरकवली, की निम्मे दाणे फरशीवर सांडले. दोघंही ते वेचत बसले. मी फोनमधून ऐकत होते. मला तर अकरा सेकंदांपलीकडे शब्दच नाहीत.

पुढची काही वर्षं मॅडम गावांना गेल्या नाहीत. तेवढ्या काळात अळीनं आपलं काम पूर्ण केलं. आमच्या भागातल्या गुलाबी अळीला बीटीचं विष आता काही करीनासं झालं. साधी कपाशी कडेला पेरून तिला रोखायची वेळ निघून गेली. उपाय बदलला. नर पतंगांना वासानं ओढणारे कामगंध सापळे लावा, ऑगस्टपासून फुलं पाहा, पाकळ्या मिटून बसलेलं फूल म्हणजे डोमकळी, ती तोडून नष्ट करा. आणि मुख्य म्हणजे डिसेंबर संपायच्या आत वावरातून कपाशी उपटा. त्यानंतरही आणखी एकदोन वेचण्यांच्या आशेनं जी उभी ठेवतात ती फरदड, ती अळीला बारा महिने जेवू घालते. मॅडम पुन्हा पिशवी घेऊन निघाल्या आणि हे सांगू लागल्या.

आणि इथं मी त्यांच्या आडवी आले. मी म्हणजे माझी एक नात.

कुणीतरी माझ्या आवाजाच्या शेपटाला दुसऱ्या एका पुरुषाचा आवाज जोडला होता. आधी मॅडम म्हणतात, "थोडी कपाशी अळीसाठीही सोडा, तिलाही जगू द्या." मग तो भारदस्त आवाज म्हणतो, "म्हणून शेवटच्या सहा ओळी मार्चपर्यंत उभ्या ठेवाव्या. अळी तिथंच गोळा होते, नव्या पिकात येत नाही." खाली हात जोडल्याचं चित्र आणि 'अकरा शेतकऱ्यांना पाठवा.' हा माणूस कोण, कुठला, आजवर कुणाला कळलेलं नाही. पण ही नात जोमानं वाढली. का वाढणार नाही? फरदड ठेवायची सगळ्यांनाच इच्छा, आणि हिनं त्या इच्छेला बाईंचा आवाज दिला.

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत सुरभीचा फोन आला. सुरभी मॅडमची जुनी विद्यार्थिनी, पुसदला नोकरी करते, रविवारी गावी जाते. गाव तेच, जिथं माझा जन्म झाला. ती म्हणाली, "मॅडम, बाबांनी सहा ओळी उभ्या ठेवल्या आहेत. तुमच्या नावानं ठेवल्या आहेत. मी सांगून थकले. तुम्ही एकदा या."

मॅडम दुसऱ्याच दिवशी गेल्या.

सुरभीचे वडील सदाशिवराव साठीचे. बारा एकर कपाशी, सोयाबीन, तूर. बोलण्यात आब असलेला माणूस. त्यांनी मॅडमना वावरात नेलं. सगळं रान मोकळं झालेलं आणि पश्चिमेच्या धुऱ्याला पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडांच्या, सहा ओळी उभ्या. त्यांची बायको, विमलताई, तिथं उरलासुरला कापूस वेचत होती.

मॅडम म्हणाल्या, "सदाशिवराव, हे उपटा. आजच उपटा."

"तुमीच तर सांगतलं ठेवा मनून," सदाशिवराव हसून म्हणाले.

"मी नाही सांगितलं."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्या नातीला बोलतं केलं. भर उन्हात मॅडमचाच आवाज मॅडमसमोर वाजला. "हा तुमचाच आवाज हाये ना मॅडम?"

"पहिला माझा आहे. पुढचा माझा नाही."

"मंग हा कोन हाये?"

"मला माहीत नाही हो!"

सदाशिवराव थोडे गोंधळले. फोन खाली घेत म्हणाले, "मॅडम, तुमी एकदा म्हनता सोडा, एकदा म्हनता उपटा. आमी कोनतं धरावं?"

"तेव्हा तेच बरोबर होतं. आता अळी बदलली आहे."

"अळी बदलली, तुमचं बोलनं बदललं, अन् आमीच चुकलो?"

तेव्हा मॅडमचा तोल गेला. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्या भल्या माणसावर कोसळलं. "अर्धवट ऐकायचं, अर्धवट पाठवायचं आणि मग माझ्या नावानं वाट्टेल ते पेरायचं! एक झाडही ठेवू नका! उपटा! एक झाडही ठेवू नका!" आवाज फाटला होता. हातवारे करताना चष्मा खाली पडला, तो उचलायचंही भान नव्हतं. शेजारच्या पांदीवरून, म्हणजे गाडीवाटेवरून, जाणारा एक मोटारसायकलवाला थांबून बघत होता.

सदाशिवरावांनी चष्मा उचलला, धोतराला पुसला आणि त्यांच्या हातात दिला. मग शांतपणे म्हणाले, "सतरामंदी सारं गाव तुमाले शिव्या देऊन राह्यलं होतं. मी एकटा म्हनत होतो, बाई चुकीचं बोलनार नाई. पाकीट पेरलं नाई थे माह्या मनाले लागून राह्यलं होतं. हे जवा मोबाईलवर आलं, तवा म्हनलं, आता तरी बाईचं ऐकू. मनून ठेवल्या ह्या ओळी. नाहीतर मले कापसाची एवढी हाव नाई."

एवढं बोलून ते वळले आणि विहिरीकडे निघून गेले.

मॅडम धुऱ्यावर बसल्या. "माझ्यावर विश्वास ठेवणारा या गावात एकच माणूस होता, आणि मी त्याच्यावरच ओरडले," असं त्या पुटपुटल्या. मी त्यांच्या पिशवीतल्या फोनमध्ये होते. मला कितीदा तरी वाटलं, आपण नसतो तर हे दोघं इतक्या वर्षांत कुठल्या कुठं पोचले असते.

विमलताई इतका वेळ वेचतच होत्या. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. मी त्यांच्याकडे कधी गेलेच नव्हते. ओटीतला कापूस सावरत त्या जवळ आल्या, मॅडमना पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "उपटाचं काहून?"

मॅडमनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"काहून उपटाचं? थो म्हनते ठेवा, तुमी म्हनता उपटा. काहून थे कोनीच सांगत नाई. मले सांगा."

मॅडमनी तिथलीच दहा हिरवी बोंडं तोडली. एकेक फोडलं. आठांत अळी निघाली. विमलताईंनी भिंगातून पाहिली. मॅडम सांगू लागल्या, की ही आता थंडीउन्हाळा काढायला सरकीत शिरेल, नाहीतर मातीत जाईल, पऱ्हाटीच्या ढिगात दडून बसेल. पावसाळ्यात नवी कपाशी फुलली की पतंग होऊन उठेल. हिला गोळा करून ठेवायला ह्या ओळी म्हणजे कोंडवाडा नाही, ही तिची खानावळ आहे.

"सरकीत शिरते? मंग घरात जो कापूस ठेवला हाये, त्यातबी असन?"

"असेल."

"अन् इंधनाले पऱ्हाटी रचून ठेवली हाये घरामागं, त्यातबी?"

"त्यातही."

"अन् शेजाऱ्यानं ठेवली, मी उपटली, तर?"

"तर त्याची अळी तुमच्याकडे येईल. पतंगाला धुरा कळत नाही."

"मंग मी एकटीनं उपटून काय फायदा?"

मॅडम गडबडल्या. मग खरं तेच बोलल्या. "एकटीनं फारसा नाही. सगळ्यांनी उपटली तर आहे."

विमलताई बराच वेळ विचारत राहिल्या. काही प्रश्नांना मॅडमकडे उत्तर नव्हतं आणि तसं त्यांनी सांगितलं. ऊन डोक्यावरून कललं. शेवटी विमलताई उठल्या, ओटीतला कापूस एका फडक्यावर रिकामा केला, वावरातल्या झोपडीतून, कोपीतून, पऱ्हाटी उपटायचा चिमटा आणला आणि पहिल्या झाडाच्या बुंध्याला लावला. झाड चिवट होतं. दुसऱ्या झटक्याला मुळासकट आलं.

तिसरी ओळ अर्धी झाली तेव्हा सदाशिवराव विहिरीकडून आले.  दुसरा चिमटा घेऊन पलीकडच्या टोकानं उपटायला लागले. मॅडम पाच वाजताच्या गाडीनं पुसदला परतल्या. त्यांच्याशी ते त्या दिवशी बोलले नाहीतच.

याच्यापुढे सगळं गोड झालं असं सांगता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. फेब्रुवारीत उपटून उशीरच झाला होता, अळ्या आधीच दडून बसल्या होत्या. त्या वर्षी शिवारात ऑगस्टमध्येच डोमकळ्या दिसल्या. आणि तो पांदीवरचा मोटारसायकलवाला आठवतो ना? त्यानं मॅडमचं ओरडणं टिपलं होतं. अशी मला बहीण झाली. सात सेकंदांची. चष्मा पडलेला, केस विस्कटलेले, आणि "एक झाडही ठेवू नका! उपटा!" लोकांनी तिचं नाव ठेवलं, 'अळीबाईचा अवतार.' साले, मेहुणे, साहेब, शेजारी, ज्याला कुणाला उपटायचं असेल त्याच्यावर आता ती चिकटवतात. काही हुशारांनी आम्हा दोघींना एकापुढे एक जोडलं. आधी मी म्हणते जगू द्या, मग ती म्हणते उपटा. खाली हसून लोळणारी तोंडं. मॅडमनी ते पाहिलं आणि फोन उशीखाली सारला.

मात्र विमलताईंनी एक गोष्ट केली, आणि ती आमच्यासारखी नव्हती. त्यांच्यासोबत वेचायला येणाऱ्या बायकांना त्या बोंडं फोडून दाखवू लागल्या. कुणी ऐकून सोडून दिलं. कुणी भांडलं. जमनी नावाची एक म्हातारी बाई तर म्हणाली, हे सारं खोटं आहे, आणि दोन दिवसांनी स्वतःच किडकं बोंड घेऊन आली, नवा प्रश्न घेऊन. ज्यांना पटलं त्यांनी आपापल्या वावरात आपापल्या पद्धतीनं सांगितलं. शब्द सगळ्यांचे वेगळे, पण अळी कुठं दडते आणि कधी उठते, ते प्रत्येकीच्या सांगण्यात तेच. गेल्या डिसेंबरात त्या गावाच्या दक्षिणेकडच्या शिवारात चारच वावरांत कपाशी उभी राहिली. उरलेल्या गावाचं विचारू नका. तिकडे अजून माझी नात नांदते आहे.

सदाशिवरावांनी संक्रांतीला पुसदला येऊन मॅडमच्या हातात तीळगूळ आणि किलोभर तुरीची डाळ ठेवली. "बोलनं झालं नवतं त्या दिवशी," एवढंच म्हणाले. मॅडमनी त्यांना चहा होईपर्यंत बसवून घेतलं.

परवाच्या रविवारी सुरभी गावी गेली होती. लिंबाखाली आठदहा बायका बसलेल्या, मधोमध विमलताई काहीतरी समजावत होत्या. सुरभीनं फोन वर केला आणि म्हणाली, "आई, हे परत सांग ना. मी रेकॉर्ड करते. मॅडमला पाठवते, ग्रुपवर टाकते. लई जनांले कामी येईन."

विमलताईंनी सरळ कॅमेऱ्यावर पंजा ठेवला.

"ठेव थो मोबाईल खाली. ज्याले समजून घ्याचं असन त्यानं वावरात यावं. चार बोंडं फोडावी अन् मंग माह्याशी भांडावं."

सुरभीनं फोन खिशात टाकला. मी त्या फोनमध्येही होते. खिशाच्या कापडातून मला बायकांचे आवाज ऐकू येत होते. एक विचारत होती, दुसरी तिला अडवत होती, तिसरी म्हणत होती थांब, मले पाहू दे. माझ्यावर लोक हसले, चिडले, मला पुढे ढकललं. मला कुणी असं अडवलं नाही.

आता पेरणी जवळ आली आहे. दर वर्षी या दिवसांत मला पुन्हा पंख फुटतात. कुणाच्या तरी जुन्या फोनमधून मी पुन्हा निघेन, माझी नातही निघेल. अळीचं बरं आहे, ती निदान कधीतरी मरते. माझ्या बाबतीत एकानं पुसलं तरी हजारांकडे मी उरतेच.

म्हणून हात जोडून सांगते. मी तुमच्याकडे आले तर माझ्यावर हसू नका आणि माझं ऐकूही नका. पुढे तर मुळीच पाठवू नका. तुमच्या एकट्याच्या फोनमध्ये का होईना, मला मरू द्या.